साल

आमच्या वस्तीत गल्ल्यांना नावं भाज्यांची.
बटाट्याच्या गल्लीतून वळलं की वाटाण्याची,
तिथून खाली नदीकडे घेवड्याची.
तार्तूत नवख्या माणसाला पत्ता सांगताना
आई अजून हसते:
घेवडा संपला की उजवीकडे, हिरवं दार,
कुत्रा भुंकेल, पण तो उर्वेचा, आमचा नव्हे.

नदीचं नावच आई-नदी.
एप्रिलात बर्फ वितळलं की ती चौकशीला वर येते,
तळघराच्या तिसऱ्या पायरीवर थांबते,
कधी दुसऱ्या.
एका वर्षी बटाट्यांची टोपली तरंगत
थेट जिन्याशी आली,
आणि बाबा गमबूट घालून तिला म्हणाले,
"या, बसा."
आयवार इतका हसला की दूध नाकातून आलं.

मे संपता संपता बर्चचा ट्रॅक्टर यायचा.
मग तीन आठवडे गल्लीभर कुऱ्हाडी:
एक ठोका आमचा,
एक पलीकडून काल्योचा,
एरवी वर्षभरात
त्या दोघांचं एवढं बोलणं होत नसे.

बाबा फोडायचे, आम्ही वाहायचो.
रचायचे मात्र तेच.
साल वरच्या अंगाला,
फटीतून वारा जावा, बोट जाऊ नये.
रांग पुरी झाली की खिशातला खडू काढून
टोकाच्या ओंडक्याच्या गोल तोंडावर
साल लिहायचे.
तोडल्याचं नव्हे, जाळायचं.
दोन हिवाळे वाळल्याशिवाय बर्चला हात लावायचा नाही.
ओलं लाकूड जळत नाही, म्हणायचे,
रडतं नुसतं.

जूनमध्ये रात्र नावापुरती.
आई अकरा वाजता पायरीवर बसून
दिव्याशिवाय पेपर वाचते,
मांडीवर लायलॅकचा चुरा.
सप्टेंबरात सफरचंदांचं करायचं काय, कुणालाच कळत नाही.
आमची बादली उर्वेच्या दारात,
उर्वेची आमच्या,
दोघी रात्री गुपचूप ठेवून येतात
आणि सकाळी एकमेकींचे आभार मानतात.

बाबा गेले ते नोव्हेंबरात,
साडेतीनला अंधार पडतो त्या दिवसांत.
दफनाहून परतताना सगळ्यांच्या कोटांना
चकाकणाऱ्या टिकल्या लटकत होत्या,
मोटारीच्या उजेडात
आम्ही क्षणभर दिसायचो, मग नाही.

शेडमध्ये तीन रांगा होत्या.
त्या हिवाळ्याची आम्ही जाळली.
पुढच्याची पुढच्या हिवाळ्यात.
तिसरीला आई हात लावू देईना.
दुकानातून भुशाच्या विटा आणायची,
त्यांचा धूर तिला सोसत नसे, तरी.
आयवार फोनवरून म्हणाला, हीटर बसवून टाकू.
ती "हो हो" म्हणाली,
ज्या आवाजात "हो हो" म्हणजे नाही.

फेब्रुवारीत पारा उणे सव्वीसवर गेला.
विटा संपल्या होत्या.
उर्वे कुत्र्याला शालीत गुंडाळून दारात उभी:
नळ गोठला, चूल विझली, काय करू?
आईने तिला आत घेतलं,
माझे बूट पायांत सरकवले, टोपली उचलली
आणि शेडकडे गेली.
बऱ्याच वेळाने
लाकडं कोसळल्याचा आवाज आला.

टोपलीत सगळ्यात वर तोच ओंडका होता.
मी म्हटलं, हा राहू दे.
आईने तो उजेडात धरला,
खडूचे चार आकडे, शेवटचा जरा पुसट.
"यंदाचंच लिहिलंय," म्हणाली,
आणि चुलीत सरकवला.
सालीने आधी पेट घेतला.
कुत्रा पुढे सरकून झोपला.
उर्वे म्हणाली, चांगलं वाळलंय.

मे अखेरीस मी ट्रॅक्टर बोलावला.
माझी रांग दोनदा ढासळली.
तिसऱ्यांदा उभी राहिली, थोडी पोटाला सुटलेली.
खडू बाबांच्या जुन्या जाकिटात सापडला,
पण काय लिहायचं ते बोटांवर मोजावं लागलं,
आणि मोजताना मध्येच मी थांबलो.

पलीकडे काल्योची कुऱ्हाडही थांबली होती.
कुंपणावरून नुसती त्याची टोपी दिसत होती.
"लिही की," तो म्हणाला.
मग ठोका.
मग मी कुऱ्हाड उचलली.